आगर पुन्हा उभं करताना : वादळ झेललेल्या कोकणातल्या वाडीसाठी संघटन आणि रोजगाराची वाट

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर चढलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, मंडणगड, दापोली या भागांतली नारळ-पोफळीची आगरं (घरालगतच्या बागा) काही तासांत आडवी झाली. वर्ष पुरं व्हायच्या आत, मे २०२१ मध्ये, तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. मदतीच्या गाड्या येतात, पंधरवड्यात थांबतात. पोफळ मात्र लावल्यापासून सुपारी द्यायला सहा-सात वर्षं घेते आणि बाणवली नारळही तेवढीच घेतो. मधली वर्षं गावानं कशावर काढायची, आणि ती काढताना वाडी मुंबई-पुण्याला रिकामी होऊ नये म्हणून कोणती कामं, कोणत्या क्रमानं हाती घ्यायची, ते इथे सांगितलं आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. कोकणात संघटन शून्यातून उभं करावं लागत नाही. वाडी आहे, गावकी (गावची परंपरागत पंचायत) आहे, मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ आहे, शिमग्याच्या पालखीचा मार्ग ठरलेला आहे. बाहेरून येणाऱ्या संस्था हे सगळं बाजूला ठेवून नवी समिती बनवतात आणि प्रकल्पाचा निधी संपला की समितीही संपते. पण गावकी जशीच्या तशी उचलणंही चूक आहे. तिच्यात बायका बसत नाहीत. बौद्धवाडी, आदिवासीवाडी, मोहल्ला आणि कोळीवाडा बहुधा तिच्या बाहेर असतात. वादळात सगळ्यात कच्ची घरं याच लोकांची पडलेली असतात.

आधी वाडीवार बैठक, ग्रामसभा नंतर

पहिल्या आठवड्यात ग्रामसभेचा घाट घालू नका. मोठ्या सभेत जमीनवाले बोलतात, मजूर ऐकतात. प्रत्येक वाडीत वेगळं बसा, वीस ते तीस घरांमागे एक बैठक, संध्याकाळी सातनंतर. बायकांची बैठक वेगळी ठेवा, तीही हंडे भरून झाल्यावर. वेळ चुकली तर येणाऱ्या फक्त घरातल्या मोकळ्या मोठ्या बायका असतात आणि खरी मजुरी करणाऱ्या येतच नाहीत.

बैठकीत तीनच प्रश्न विचारा. घरात आत्ता कोण कमावतं? वादळाआधी कोणत्या महिन्यात कशातून पैसा येत होता? कोणतं काम येतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर खोदून काढावं लागतं. "काही येत नाही" म्हणणारी बाई पोफळीच्या विऱ्या (पानांचे रुंद देठ) वळते, सोडण (नारळाची साल) सोलते, कालवं फोडते, खुबे (शिंपले) काढते. माडावर चढणारे किती उरलेत, होडी कोणाला हाकता येते, करवतयंत्र कोणाला चालवता येतं, मृदुंग कोण वाजवतं, हे नावानिशी लिहा. हीच पुढच्या सगळ्या कामांची यादी.

मोठ्या ड्रॉइंग कागदावर वाडीचा नकाशा काढा : घरं, विहिरी, पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा), पडलेली आगरं, खारबंदिस्तीचे (खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधांचे) फुटलेले भाग, आणि एकटी राहणारी म्हातारी माणसं. कोकणात ही शेवटची खूण फार महत्त्वाची, कारण निम्म्या घरांत तीच असतात.

सगळ्या वाड्या झाल्या की ग्रामसभा. सात दिवस आधी नोटीस लागते. गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. गणपूर्ती न झाल्यानं तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा ही अट नसते. मोजके लोक याचा फायदा घेऊन हवे ते ठराव करतात, म्हणून पहिल्याच सभेला माणसं आणा. ठरावात "मदत मिळावी" असं मोघम लिहू नका. अमुक वाडीतली इतकी झाडं, इतके मीटर बंदिस्ती, इतक्या मजूर-दिवसांचं काम, असं आकड्यात लिहा. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहेच. तिचे ठराव मोठ्या सभेत वाचून दाखवायला लावा.

पंचनामा वाडीनं स्वतः आधी करावा

तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक (कागदावर या पदांची नावं आता बदलली आहेत, गावात जुनीच चालतात) अशा तिघांवर वीस-वीस वाड्यांचा भार येतो. ते येईपर्यंत रस्ता मोकळा करण्यासाठी झाडं कापली जातात आणि मोजणीचा पुरावा जातो. म्हणून कापण्याआधी प्रत्येक पडलेल्या झाडाच्या बुंध्यावर, जमिनीपासून हातभर अंतरावर, गेरूनं क्रमांक घाला. पोफळीला "पो" आणि नारळाला "ना". पावसात गेरू धुपतो, म्हणून त्याच दिवशी तारीख-ठिकाण दिसेल असा फोटो काढा आणि वहीत सर्व्हे नंबरपुढे क्रमांक लिहा. वहीवर वाडीतल्या दोन बायका आणि दोन पुरुषांच्या सह्या घ्या.

हे का करायचं, ते निसर्गनंतरच्या मदतीत दिसलं. फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर झाले. श्रीवर्धनच्या बाजूला एका घराचं आगर पाच-दहा गुंठ्यांचं असतं. दहा गुंठ्यांना त्या हिशेबानं हातात पडणार जेमतेम पाच हजार. आगरात झाडं दाट असतात, नुकसान क्षेत्रात मोजलं की ते दिसतच नाही. पुढे ही बाब मान्य होऊन झाडामागे मदत ठरली : सुपारीला ५० रुपये, नारळाला २५०. तेव्हा ज्यांच्याकडे झाडांची मोजणी होती त्यांचं काम सोपं झालं.

दुसरी अडचण सामायिक सातबाऱ्याची. एका उताऱ्यावर पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही मयत, वारस नोंद नाही. पैसे एका खात्यावर यायचे तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. इथे मुंबई मंडळाला कामाला लावा. संमतीपत्राचा एकच मसुदा सगळ्यांना पाठवा. मंडळानं रविवारी एका ठिकाणी सगळ्यांना बोलावून सह्या घ्याव्यात आणि आधारच्या प्रती जोडून गठ्ठा गावी पाठवावा. जे तेव्हा सुटतील ते गणपतीत गाठावेत. कोणाच्या आरतीला कोण येतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, त्याच रात्री कागद पुढे ठेवा. वारस नोंदी आणि बांधावरच्या झाडांची पीक पाहणीतली नोंद मात्र वादळाची वाट न बघता करून टाकावी. उताऱ्यावर झाडच नसेल तर पडलेलं दाखवणार कसं?

पडलेली झाडं हाच पहिला रोजगार

झाडं कुजत ठेवणं धोक्याचं आहे. नारळाच्या कुजक्या खोडात आणि उकिरड्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो, जखमी माडावर सोंड्या भुंगा येतो. वादळातून वाचलेले माड पुढच्या दोन वर्षांत या दोघांपायी जातात. त्यामुळे सफाई पहिल्या दोन-तीन महिन्यांत संपवायची, आणि ती फुकट श्रमदानावर न सोडता मजुरी देऊन करायची. श्रमदान तीन दिवस टिकतं, काम तीन महिन्यांचं असतं. रोजगार हमीत फळबागेची सफाई आणि पुनर्लागवड बसते का, ते तालुक्याच्या कृषी कार्यालयात लेखी विचारा आणि कामाची मागणीही लेखीच द्या. तारखेची पोच घ्यायला विसरू नका.

एका टोळीत सहा जण पुरेत : करवतयंत्र चालवणारा एक, त्याचा मदतनीस एक, ओढणारे-रचणारे चार. यंत्रवाल्याला हेल्मेट, डोळ्यांचा चष्मा आणि जाड बूट असल्याशिवाय काम सुरू करू नये. आडव्या झाडाचा ताण ओळखता आला पाहिजे. दोन्ही टोकांवर टेकलेलं खोड वरून कापलं की पातं अडकतं, आणि मुळासकट कललेल्या झाडाचा बुंधा कापताच मुळाचा गड्डा झटक्यानं मागे बसतो. त्या खड्ड्याच्या बाजूला कोणी, विशेषतः पोरं, उभी नकोत. विजेची तार अडकलेलं झाड वीज कर्मचाऱ्यानं लाइन बंद असल्याचं सांगितल्याशिवाय शिवायचं नाही.

घाईत सगळंच कापू नका, ही चूक सर्रास होते. माड कलला असला तरी शेंड्याचा कोंब शाबूत असेल तर तो जगतो. मोडक्या चुडती (झावळ्या) काढून शेंड्यावर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा आणि सहा महिने वाट बघा. नवा कोंब सरळ आला तर झाड राखा. पाच-सहा वर्षांच्या आतलं कललेलं झाड हळूहळू, दोन-तीन टप्प्यांत, दोर लावून सरळ करता येतं. मुळांवर माती चढवा आणि तीन बाजूंनी टेकू द्या. एकदम ओढलं तर उरलेली मुळंही तुटतात.

निघालेल्या मालाची वाटणी आधीच ठरवून लिहून ठेवा. जुन्या माडाच्या बुंध्याकडचा टणक भाग फळ्या, वासे आणि साकवाला चालतो. वरचा मऊ भाग लाकूड म्हणून निकामी, तो चिरून गांडूळखताला. चुडतींचे झाप विणता येतात, हिरांच्या केरसुण्या होतात, सोडण काथ्याला जातं. पोफळीच्या विऱ्यांपासून पत्रावळी-द्रोण बनवणारं यंत्र घ्यावंसं सगळ्यांनाच वाटतं. पण पडलेल्या पोफळीची विरी एकदाच मिळते, त्यानंतर आगर उभं राहीपर्यंत कच्चा मालच नसतो. आसपासच्या चार गावांत किती पोफळी उभ्या आहेत ते मोजल्याशिवाय यंत्रासाठी कर्ज काढू नका.

गट, मस्टर आणि पैसा

उमेद या सरकारी ग्रामीण उपजीविका अभियानाचे दहा ते वीस बायकांचे बचत गट बहुतेक वाड्यांत असतात. नवा गट काढण्यापेक्षा असलेल्या गटाचं खातं, वही आणि सीआरपी ताईंची (गटांना मदत करणाऱ्या गावातल्या कार्यकर्तीची) ओळख वापरा. गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ ही साखळी तयार आहे आणि बँक तिला ओळखते. पुढे रोपं, सुपारी किंवा मासळीचा मोठा व्यवहार होऊ लागला की शेतकरी उत्पादक कंपनीचा विचार करा. तिला किमान दहा उत्पादक लागतात, पण दरवर्षीचा लेखापरीक्षणाचा आणि सनदी लेखापालाचा खर्च उलाढाल लहान असताना परवडत नाही.

तीन नियम पहिल्या दिवशी लिहून भिंतीवर लावा. खात्यावर तीन सह्या, त्यातल्या दोन लागणार, आणि एका घरातल्या दोन सह्या नकोत. मजुरी बाई-पुरुषाला सारखी. फरक द्यायचाच तर यंत्र चालवण्यासारख्या कसबाचा द्यावा. रोजचं मस्टर (हजेरीपट) कामाच्या जागी, काम सुटताना, ज्याच्या त्याच्या सहीनं किंवा अंगठ्यानं भरायचं. मागाहून एका हातानं भरलेलं मस्टर भांडणाचं मूळ ठरतं.

महिन्यातून एकदा हिशेब वाडीत मोठ्यानं वाचा. व्हॉट्सॲपवर फोटो टाकणं म्हणजे हिशेब देणं नव्हे. ज्यांच्याकडे साधा फोन आहे आणि ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्याच नावावर पैसे लिहिले जाण्याची शक्यता जास्त असते. वाचताना नाव, दिवस, रक्कम एवढंच वाचा आणि प्रत्येकाला "बरोबर" म्हणू द्या. वीस मिनिटं लागतात.

रोपवाटिका : वर्षभराचं काम, सात वर्षांचा पाया

वादळानंतर रोपांची मागणी एकदम वाढते आणि बाहेरून ट्रकभर रोपं येतात. जात कोणती, आई-झाड कोणतं, काही कळत नाही. सहा वर्षांनी झाड फळत नाही तेव्हा दाद मागायला कोणी सापडत नाही. श्रीवर्धनची रोठा सुपारी बाजारात नाव टिकवून आहे ती तिच्या गरामुळे, आणि ते वाण टिकवायचं तर बियाणं तिथल्याच वाचलेल्या झाडांचं हवं. गावानं रोपवाटिका काढण्यामागचं हे पहिलं कारण. मजुरी हे दुसरं.

चाळीस घरांच्या वाडीसाठी पहिल्या वर्षी हजार पोफळीची आणि दोनशे नारळाची चांगली रोपं हे लक्ष्य ठेवा. त्यासाठी दीड हजार सुपाऱ्या आणि तीनशे बियाण्याचे नारळ लावावे लागतील. तिसरा हिस्सा उगवत नाही किंवा निवडीत काढून टाकावा लागतो, आणि तो काढायचाच. वाईट रोप फेकायला जीव होत नाही, तरी फेका.

पोफळीपासून सुरुवात करू. आई-झाडं वादळानंतर लगेच निवडा, म्हणजे सुपारी पिकेपर्यंत ती कोणी कापणार नाही. दहा वर्षांच्या वरची, दरवर्षी नेमानं धरणारी, कांडी आखूड आणि पानं जास्त असलेली झाडं घ्या. पूर्ण पिकलेली, केशरी-पिवळी, वजनदार सुपारी मधल्या घडातली घ्या आणि सालासकट पाण्यात सोडा. देठाकडचं टोक वर करून उभी तरंगते ती सुपारी जोमदार रोप देते. आडवी तरंगते ती बाजूला काढा. ही परीक्षा लहान पोरंसुद्धा तासाभरात शिकतात आणि तिच्यामुळे पुढचा निम्मा तोटा वाचतो.

सुपारी वाळवू नका, काढल्याबरोबर लावा. वाळूच्या वाफ्यात पाच-पाच सेंटिमीटरवर, देठाचं टोक वर, जेमतेम झाकेल एवढी वाळू. रोज हलकं पाणी. साधारण दीड महिन्यानंतर कोंब दिसू लागतात. दोन पानांवर आली की रोपं २५ बाय १५ सेंटिमीटरच्या पिशवीत भरा. पिशवीत सात भाग माती, तीन भाग कुजलेलं शेणखत, दोन भाग वाळू. खत कच्चं असेल तर हुमणी आणि वाळवी येतात आणि कोवळं रोप दोन दिवसांत मान टाकतं. वर चुडतींचा मांडव घाला, अर्धी सावली पुरते. पिशवीच्या बुडाला भोकं नसतील तर पावसाळ्यात मुळं कुजतात, भरण्याआधी एकेक पिशवी तपासा. डिसेंबरात लावलेली सुपारी मार्चमध्ये पिशवीत जाते आणि त्याच्या पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये, दीड वर्षाची होऊन, पाच-सहा पानांनिशी आगरात जाते. लागवड २.७ मीटर चौरसावर.

नारळाचं बियाणं फेब्रुवारी ते मे या काळात पाडा. पाडेल्यानं (नारळ पाडणाऱ्यानं) घड दोरानं खाली सोडावा. वरून टाकलेल्या नारळाला आतून तडा जातो आणि पाणी आटून तो उगवत नाही. वीस वर्षांवरचा, वर्षाला शंभरावर फळ देणारा माड निवडा. नारळ अकरा-बारा महिन्यांचा, हलवल्यावर पाणी वाजणारा असावा. महिना-दोन महिने सावलीत ठेवून जूनच्या पावसाबरोबर ३० सेंटिमीटर अंतरावर चरात लावा. तीनशे नारळांना वाटा सोडून २७ चौरस मीटर जागा लागते. पाच-सहा महिन्यांत न उगवलेले उपटून टाका, उशिरा उगवणारं झाड उशिराच फळतं. वर्षाच्या रोपाला सहा पानं आणि बुंध्याला दहा सेंटिमीटर घेर असेल तरच ते द्यावं. लागवड साडेसात मीटरवर, खड्डा मीटरभर लांब, रुंद आणि खोल.

रोपं विकायची तर फळरोपवाटिकेचा परवाना कृषी खात्याकडून काढावा लागतो, तो बियाणं लावतानाच काढा. तांत्रिक प्रश्नांसाठी दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, रत्नागिरीजवळचं भाट्ये इथलं नारळ संशोधन केंद्र आणि श्रीवर्धनचं सुपारी संशोधन केंद्र आहे. विद्यापीठाच्या रोपवाटिकेचा दर बघून आपला दर ठरवा. गावच्यांना कमी आणि बाहेरच्यांना पूर्ण, असा दुहेरी दर लिहून ठेवला तर कुरबुर होत नाही.

आगर मोकळं झाल्यावर पहिल्या वर्षांत ऊन खाली येतं, त्याचा उपयोग करा. केळी वर्षभरात पैसा देते आणि कोवळ्या पोफळीला पश्चिमेकडून सावली करते. नारळ मोठा झाल्यावर त्यात काळी मिरी, दालचिनी, जायफळ ही विद्यापीठानं रुजवलेली लाखीबागेची पद्धत घ्यावी. सगळं पुन्हा पोफळ-नारळावरच टाकलं तर पुढचं वादळ पुन्हा सगळंच घेऊन जाईल.

वाऱ्याच्या बाजूला कुंपणावर उंडी, करंज, केवडा लावा. पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) सुरूची रांग लावण्याची शिफारस अजूनही होते. कासवं अंडी घालतात त्या किनाऱ्यावर ती नको. सुरूच्या मुळांनी आणि काड्यांच्या थरानं वाळू कासवांच्या कामाची राहत नाही.

खाडीतलं काम

खारबंदिस्ती फुटली असेल तर पुढच्या उधाणाच्या आत बुजवावी लागते. अलिबागच्या बाजूला बांध सगळ्यांनी मिळून राखण्याची जोळ पद्धत होती. तिची आठवण असलेली माणसं असतील तर त्यांना पुढे घाला. उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) झडप दुरुस्त करा, पहिला पाऊस शेतात साठवून ओहोटीला सोडा, असं दोन-तीनदा केलं की मीठ उतरतं. त्या वर्षी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचं खार सोसणारं भात लावावं.

कांदळवनातल्या उपजीविकेसाठी राज्याच्या कांदळवन कक्षाची (स्थापना २०१२) योजना आहे. त्यात गटांना ९० टक्के अनुदान आणि १० टक्के स्वतःचा हिस्सा अशी रचना आहे. चिंबोरी (खाडीतला खेकडा), कालवं, शिनाणे (खडकाला धरणारे शिंपले), पिंजऱ्यातला जिताडा मासा, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन ही कामं तिच्यात येतात. कांदळवन कापायचं नाही, हे यातलं पहिलं कलम माना. उच्च न्यायालयाचे आदेश स्पष्ट आहेत आणि पुढचं उधाण अडवणारी तीच भिंत आहे.

चिंबोरीच्या कुंपणात सगळ्यात जास्त नुकसान दोन कारणांनी होतं : पळून जाणं आणि एकमेकींना खाणं. जाळं चिखलात दोन फूट तरी गाडा, कारण ती खालून उकरते. वरच्या काठाला आतून गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी लावा, कारण ती चढते. उंची मोठ्या उधाणाच्या पाण्याच्या वर हवी. कात टाकलेली चिंबोरी मऊ असते, तेव्हा बाकीच्या तिला खातात. म्हणून एका आकाराच्याच सोडा, चौरस मीटरला एकीपेक्षा जास्त नको, आणि लपायला फुटकी कौलं व पाइपाचे तुकडे टाका. खाणं संध्याकाळी, अंगाच्या वजनाच्या पाच ते आठ टक्के. सकाळी उरलेलं दिसलं तर कमी करा. पिल्लांपासून वाढवायला आठ-नऊ महिने लागतात. नवख्या गटानं बाजारातल्या पोकळ (अंगात मांस न भरलेल्या) चिंबोऱ्या घेऊन तीन-चार आठवड्यांत भरवायचं काम आधी करावं. पैसा लवकर फिरतो आणि हात बसतो.

शिनाण्यांसाठी बांबूचा तराफा. पावसाळ्यानंतर खडकावर धरलेलं बीज दोरावर पसरून वर सुती मच्छरदाणीचं कापड गुंडाळायचं. ते काही दिवसांत कुजून गळतं, तोवर शिनाणे दोराला धरतात. मीटरभर दोराला साधारण किलोभर बीज. पाच-सहा महिन्यांनी मीटरला दहा किलोच्या आसपास माल मिळतो. मेच्या मध्यापर्यंत सगळा काढा. पहिल्या मुसळधार पावसात खाडीचं पाणी गोडं झालं की एका रात्रीत सगळं मरतं. गावाचं सांडपाणी पडतं तिथे तराफा नको, आणि विकण्याआधी माल दिवसभर स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवावा.

शिमगा, गणपती आणि नमन

सण हे कोकणातलं खरं वेळापत्रक आहे. निर्णय शिमग्यात घ्या, सह्या गणपतीत. कोळीवाड्याची बैठक नारळी पौर्णिमेची वाट न बघता जुलैतच ठेवा, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि त्यानंतर दर्यावर गेलेला माणूस हाताला लागत नाही. रोपवाटिकेतलं पहिलं रोप पालखी ज्या अंगणात थांबते तिथे द्यायचं असं ठरलं, तर वाटप कोणाला कळलं नाही असं होत नाही. मात्र पालखी ज्या वाड्यांत जात नाही तिथे त्याच दिवशी वेगळं वाटप ठेवा, दुसऱ्या दिवशी नको.

नमन-खेळे, जाखडी, दशावतार या कोकणातल्या लोककलांतून वादळाच्या पूर्वतयारीची माहिती फार चांगली पोचते. जाखडीच्या शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबात प्रश्न घालायला जागाच असते, आणि दशावतारातले संवाद नट रंगमंचावर रचतो, त्यामुळे नवं प्रकरण सहज बसतं. कलावंतांना बिदागी द्या, तीही मस्टरवर. वादळात त्यांचे साज, मृदुंग, पेटाऱ्या भिजलेल्या असतात. त्यांची दुरुस्ती मदतीच्या यादीत धरा, नाहीतर ही मंडळी त्या वर्षीच मुंबईला जातात आणि फड मोडतो.

आचऱ्याची गावपळण ज्यांना ठाऊक आहे त्यांना स्थलांतराचा सराव समजावून सांगायला लागत नाही. सगळा गाव गुरं-कोंबड्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो, कोण कोणाबरोबर, चूल कुठे, म्हाताऱ्यांना कोण आणणार, हे सगळं ठरलेलं असतं. निवारा केंद्राची यादी याच पद्धतीनं, कुटुंबांच्या जोड्या लावून करा.

पाहुणे येणार असतील तर

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांचं काम उभं केलं. पुढे कासव महोत्सव आला आणि गावातली घरं पाहुण्यांसाठी उघडली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडी वल्हवून कांदळवन दाखवतात. दोन्हीकडे धंदा निसर्गाच्या राखणीवर उभा आहे, हे बघायला एक दिवस खर्च करून गटानं जाऊन यावं.

घर उघडण्याआधी शौचालय, पाणी आणि सांडपाणी बघा. खोली आणि जेवणाचा दर सगळ्या घरांना एकच ठेवा आणि पाहुणे पाळीनं वाटा. रस्त्याकडच्या घरांनी सगळे पाहुणे धरले की आतली वाडी गटातून बाहेर पडते. पर्यटन विभागाची निवास-न्याहारी नोंदणी आणि अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्या. पिल्लं जन्मण्याची तारीख नेमकी सांगता येत नाही (अंडी साधारण ४५ ते ६० दिवसांत फुटतात), म्हणून "कासव दिसेलच" असं आश्वासन देऊ नका. किनाऱ्यावर दिवे, मोबाइलचे फ्लॅश आणि गाड्या बंद.

दर वर्षीचा मे

१५ मेपर्यंत एवढं झालेलं असावं : करवतयंत्रांची धार आणि दुरुस्ती, मोहल्ल्याकडे एक आणि वाडीकडे एक असे ठेवलेले दोन दोर-संच, घरांवर झुकणाऱ्या फांद्यांची तोड, शिनाण्यांची पूर्ण काढणी, चिंबोरीची विक्री. रोपवाटिकेतली रोपं तीन ठिकाणी वाटून ठेवा, एक ठिकाण तरी डोंगराच्या आडोशाला हवं. गटाच्या खात्यात एका टोळीची पंधरा दिवसांची मजुरी राखीव ठेवा, म्हणजे वादळाच्या दुसऱ्या दिवशी कोणाच्या आदेशाची वाट न बघता काम सुरू होईल. झाडांच्या मोजणीची वही, मस्टर, संमतीपत्रांचा गठ्ठा आणि गेरूची पुडी जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून शाळेच्या स्लॅबच्या खोलीत, जमिनीपासून उंचावर ठेवा, आणि किल्ली कोणाकडे आहे ते तिघींना माहीत असू द्या.